तियारॉयची बखर

आमच्या ओळखीच्या मंडळींत दोघे असे आहेत की, त्यांना एका खोलीत बसवून मध्ये एखादा ऐतिहासिक विषय ठेवून दिला म्हणजे यजमानाने आतून चहा पाठवीत राहावे आणि स्वतः मुकाट्याने ऐकावे, याहून अधिक त्याला काही करावे लागत नाही. पैकी एक गृहस्थ महसूल खात्यात हयात घालवून पुढे जुन्या कागदांच्या ओढीने सरकारी दप्तरखान्यात मोडी वाचीत बसलेले. त्यांना आम्ही दप्तरदार म्हणतो आणि त्यांनाही ते आवडते. दुसऱ्या आमच्या बाई. त्यांनी महाविद्यालयात वर्षानुवर्षे फ्रेंच शिकविले. परंतु शिकविता शिकविता, फ्रेंचांच्या साहित्यापेक्षा फ्रेंचांच्या जुन्या वसाहतींतील लोकांनी त्याच भाषेत, आणि पुढे त्या भाषेला रजा देऊन, जे निर्माण केले त्याच्या त्या नादी लागल्या. गेल्या पावसाळ्यात बाईंनी सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेम्बेन याचे काही चित्रपट दप्तरदारांना आग्रहाने दाखविले. त्यावर जो वाद झाला, तो काटछाट करून येथे देत आहे.

प्रथम या सेम्बेनची थोडी हकीकत सांगणे प्राप्त आहे. जन्म १९२३ सालचा, सेनेगलच्या दक्षिणेकडील कासामांस प्रांतातल्या झिगिंशोरचा, बाप कोळी. शाळा लवकर सुटली, महायुद्धात फ्रेंच वसाहती फौजेत चाकरी झाली, आणि युद्धानंतर मार्सेच्या गोदीत हमाली करीत असता कामगार चळवळीत शिरकाव होऊन तेथेच हाती लेखणी आली. १९४७-४८ च्या डकार-नायजर रेल्वे-संपावरील त्याच्या कादंबरीने १९६० साली त्याचे नाव झाले. परंतु ज्यांच्याविषयी ती लिहिली त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येणार नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला इतकी डाचू लागली की, चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा नामांकित कादंबरीकार मॉस्कोस जाऊन सिनेमाची मुळाक्षरे गिरवू लागला. सिनेमा ही आपल्या लोकांची रात्रशाळा आहे, असे तो म्हणत असे. या शाळेला पूर्वी परवानगीच नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९३४ च्या लाव्हाल फर्मानान्वये फ्रेंच आफ्रिकेत सरकारी परवान्यावाचून कोणाला चित्रण करता येत नसे. आणि म्हणून पोलँ व्हिएरा आणि त्याच्या सोबत्यांना १९५५ साली आपला पहिला चित्रपट आफ्रिकेत न काढता पॅरिसच्या रस्त्यांवर काढावा लागला.

आता मूळ संवाद.

दप्तरदार : बाई, 'मंडाबी' हा चित्रपट पाहताना मला घाम फुटला, हे मी आधीच सांगून टाकतो. तो बिचारा इब्राहिमा दियेंग! पॅरिसमध्ये रस्ते झाडणाऱ्या भाच्याने त्याच्या नावे पंचवीस हजार फ्रँकची मनीऑर्डर पाठविली. त्यातले वीस हजार भाच्यासाठी जपून ठेवावयाचे, तीन हजार भाच्याच्या आईला द्यावयाचे आणि दोन हजार मामाला. पण पोस्टातला कारकून ओळखपत्र मागतो. ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, फोटो हवा, मुद्रांक हवा. आणि जन्माच्या दाखल्याला जन्मतारीख हवी, ती या गृहस्थाच्या आईबापांनी कोठे नोंदविलेली नाही. '१९०० च्या सुमारास' एवढेच त्याला सांगता येते. मनीऑर्डर आल्याची वार्ता गल्लीत फुटल्याबरोबर उधारी मागणारे, उसने मागणारे आणि केवळ आशीर्वाद देऊन पैसे मागणारे यांची रीघ लागते, आणि शेवटी ज्या शिकलेल्या आप्ताच्या नावे त्याने मुखत्यारपत्र करून दिले तोच सारी रक्कम गिळंकृत करून 'माझा खिसा कापला' म्हणून सांगतो. खिडकीच्या आतल्या बाजूला ज्याची हयात गेली, त्याला यातले एकही चित्र खोटे म्हणता येणार नाही.

बाई : आणि त्यात गोरा जुलमी कोठेच नाही, हे तुमच्या नजरेस आले ना? चित्रपट १९६८ चा, स्वातंत्र्य मिळाले १९६० ला. खिडकीमागचा कारकून, फोटोवाला, दुकानदार, तो गोड बोलणारा आप्त, सगळे सेनेगलचेच. सेम्बेनचे वेगळेपण येथे सुरू होते. १९६३ सालच्या 'बोरोम सारेत' या पहिल्या छोट्या चित्रपटातच बघा. डकारच्या उच्चभ्रू वस्तीत घोडागाडी नेण्याची बंदी असता एक गरीब गाडीवान भाड्याच्या आशेने आत शिरतो, पोलीस त्याला अडवितो, कागद काढण्याच्या गडबडीत त्याचे युद्धातले पदक खाली पडते, आणि तो पोलीस, तोही काळाच, त्या पदकावर आपला बूट ठेवून उभा राहतो. पदक उचलावयाचे तर त्याच्या पायाशी वाकावे लागणार! परक्याच्या राज्याविरुद्ध लढण्याची भाषा सगळेच करतात, पण स्वराज्याच्या तिसऱ्याच वर्षी स्वकीयांच्या बुटाकडे कॅमेरा वळविणारा माणूस विरळा.

दप्तरदार : कबूल. एकदम कबूल. तो जोवर डोळ्यांदेखतचे जग दाखवितो तोवर माझी काही तक्रारच नाही. माझी तक्रार सुरू होते, ती हे गृहस्थ वर्तमान सोडून भूतकाळाच्या मुलखात पाऊल टाकतात तेव्हा. 'चेद्दो' घ्या. गुलामांचा गोरा व्यापारी, ख्रिस्ती पाद्री आणि राजाला गुंडाळून ठेवून गादी बळकाविणारा इमाम, असे तिघे एकाच गावात आणून बसविले आहेत. पण शक कोणता? राजा कोणता? हे कोणत्या वर्षी घडले? काही पत्ता नाही! शतकांचा पसारा दोन तासांत कोंबला आहे, आणि शेवटी राजकन्या दिओर यासीन भर सभेत इमामाला गोळी घालते, जी गोष्ट कोणत्याही दप्तरात नाही की कोणाच्या जबानीत नाही. ज्या सेनेगलमध्ये आमादू बांबासारख्या मुसलमान सत्पुरुषाला फ्रेंचांनी केवळ त्याच्या शिष्यसंप्रदायाच्या धास्तीने १८९५ साली गॅबनला हद्दपार करून सात वर्षे तिकडे ठेवले, त्या सेनेगलमधल्या इस्लामला केवळ बाहेरून आलेली टोळधाड म्हणून रंगविणे हा इतिहास नव्हे. ही फिर्याद आहे, आणि तीही एकतर्फी.

बाई : फिर्याद आहे, यात वाद नाही. पण ती १९७७ च्या सेनेगलवर आहे. ज्या देशात बहुसंख्य लोक मुसलमान, राष्ट्राध्यक्ष सेंघोर कॅथॉलिक, आणि दोहोंच्याही पूर्वी येथे काही होते याची आठवण काढणे दोघांनाही गैरसोयीचे, तेथे त्याने विचारले की, बाबांनो, तुम्ही कोणाचे मुंडण करून कोणाची नावे बदललीत? त्या सामुदायिक धर्मांतराच्या प्रसंगात एकेक डोके भादरले जाते, एकेका माणसाला नवे नाव दिले जाते, आणि ते नाव घेऊन तो खालमानेने पुढे सरकतो. तेवढ्या त्या रांगेसाठी मी तुमचे सगळे शक आणि सन सोडून देईन. आणि गंमत म्हणजे त्याला उत्तर काय मिळाले? सरकारने चित्रपट अडवून धरला, आणि कारण दिले शुद्धलेखनाचे! वोलोफ भाषेच्या सरकारी नियमांप्रमाणे 'चेद्दो'त एकच 'द' पाहिजे, याने दोन लिहिले. सेम्बेन एक 'द' काढीना, म्हणून सेंघोर राष्ट्राध्यक्ष असेतोवर सेनेगलच्या लोकांना तो दिसला नाही.

दप्तरदार (हसून) : हे मात्र अस्सल सरकारी काम! नामंजुरीचे खरे कारण अर्जावर कधीच लिहावयाचे नसते.

(येथे दोघांचाही सूर किंचित मऊ झाला, आणि मला वाटले की आता वाद निवळणार, परंतु दप्तरदारांनी मोठ्या हत्यारासाठी जागा राखून ठेविली होती.)

दप्तरदार : बाई, 'एमिताई'विषयी एक साधा प्रश्न विचारतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सरकारने कासामांसच्या दियोला लोकांकडून सक्तीने तांदूळ वसूल करू पाहिला, आणि दियोलांनी तो दडविला, हे खरे. या विरोधाच्या केंद्रस्थानी आलीन सितोए दियाटा नावाची एक तरुण उपदेशिका होती. तिला १९४३ मध्ये पकडून टिंबक्टूस पाठविले आणि ती पुढच्या वर्षी तेथेच वारली, हेही खरे. मग हे हाडामासाचे माणूस हाताशी असता तिला या चित्रपटात जागा का नाही? उलट तिच्या जागी गावातल्या सगळ्या बाया उन्हात बसविल्या आहेत.

बाई : कारण तांदूळ सगळ्या बायांनी पिकविला होता! दियोलांच्या भातशेतीत बाईचा हात किती असतो ते तुम्ही महसुली माणूस, तुम्हाला मी सांगावयास नको. सरकारी शिपाई त्यांना गावाच्या मध्यावर, भर उन्हात, वसूल मिळेतोवर बसवून ठेवतात, आणि त्या बसून राहतात. कॅमेराही त्यांच्याबरोबर बसून राहतो. काही घडत नाही, आणि पाहणाऱ्याला ते ऊन सोसवेनासे होते. एका नायिकेचे नाव घेतले असते तर बाकीच्या तिच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीत गडप झाल्या असत्या. आणि तुमच्या अस्सलपणाची भूक भागविणारे एक चित्र त्यात आहेच की. फ्रान्समध्ये सत्ता पालटते, म्हणून सरकारी भिंतीवरची मार्शल पेतँची तसबीर काढून तेथे द गॉलची लावतात, आणि आफ्रिकी शिपायांना कोडे पडते की सात ताऱ्यांच्या मार्शलच्या जागी दोन ताऱ्यांचा जनरल वरिष्ठ कसा झाला! तसबीर बदलते, तांदळाची मागणी बदलत नाही. एवढ्या एका विनोदात त्या युद्धाचा वसाहतींपुरता सारा अर्थ आला, असे मला वाटते.

दप्तरदार : विनोद उत्तम आहे. पण बाया उन्हात बसविताना एकीला नाव राहू दिले असते तर काय बिघडले असते? असो. मला बोलावयाचे आहे ते तियारॉयविषयी. तेथे मी गप्प बसणार नाही.

या प्रकरणाची माहिती मराठी वाचकांस क्वचितच असेल, म्हणून ती थोडक्यात देतो. १९४० साली फ्रान्स पडला तेव्हा फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी शिपाई, ज्यांना तिरायर म्हणत, ते मोठ्या संख्येने जर्मनांचे कैदी झाले, आणि जर्मनांनी त्यांतल्या बहुतेकांना आपल्या मुलखात न नेता फ्रान्समधल्याच बंदीवासात ठेविले. सुटका झाल्यावर १९४४ च्या नोव्हेंबरात त्यांतल्या एका तुकडीला ब्रिटनी प्रांतातल्या मोर्ले बंदरातून जहाजाने डकारला पाठविण्यात आले, आणि डकारजवळच्या तियारॉय छावणीत उतरविण्यात आले. कैदेतल्या काळाचा थकीत पगार आणि निवृत्तीची रक्कम त्यांनी मागितली, ती मिळेना, गावी जा, मग बघू, असे सांगण्यात आले, ते गेले नाहीत. १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच लष्कराने त्यांच्यावर गोळीबार केला. सरकारी आकडा पस्तीस मृत असा सांगण्यात आला. उरलेल्यांपैकी चौतीस जणांवर पुढच्या मार्चमध्ये लष्करी खटला चालवून त्यांना सजा देण्यात आल्या. सेम्बेनने थिएर्नो फाती सो याच्या साहाय्याने १९८८ साली या घटनेवर 'काँ द तियारॉय' हा चित्रपट काढला, आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

दप्तरदार : चित्रपटाचा पूर्वार्ध मला अत्यंत आवडला, हे नमूद करा. अंगावरचे अमेरिकन गणवेश उतरवून घेऊन त्या माणसांच्या हाती पुन्हा वसाहती शिपायाची आखूड विजार आणि लाल टोपी दिली जाते, तो प्रसंग विलक्षण आहे. युद्धाने माणसाची जी काही उंची वाढविली ती भांडारगृहाच्या दारात मोजून परत घेतली, असा तो हिशेब आहे. तो शिकलेला सार्जंट दियाटा, ज्याची बायको आणि मुलगी फ्रान्समध्ये आहेत आणि ज्याचा गाव दियोला मुलखात फ्रेंचांनीच जाळून टाकला आहे, तोही पटतो. कॅप्टन रेमोंच्या रूपाने एक सभ्य फ्रेंच अधिकारी दाखविला, तेही न्यायाचे झाले. परंतु पुढे काय? जनरल शिपायांच्या ताब्यात सापडतो, रक्कम योग्य भावाने देण्याचा शब्द देऊन सुटतो, शिपाई आनंदाने नाचून झोपी जातात, आणि रात्री रणगाडे येऊन सगळी छावणी भुईसपाट करतात! बाई, हे रात्री झाले नाही. ते सकाळी झाले. छावणीला चिलखती गाड्यांचा वेढा घालून, माणसांना बाहेर मोकळ्या जागेत गोळा करून, दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या.

बाई : ही वेळ सेम्बेनला ठाऊक नव्हती असे तुम्हाला वाटते काय? तो स्वतः त्या फौजेत चाकरी करून आला होता.

दप्तरदार : ठाऊक असेल, आणि म्हणूनच मी त्याला अधिक दोष देतो. आमच्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी खेडोपाडी हिंडून, अडगळीतली दप्तरे उघडून अस्सल कागदांचा जो आग्रह धरला, तो कशासाठी? बखरकार थोर असतो, रसाळ असतो, पण तो मेजवानीच्या ताटात एक पदार्थ स्वतःच्या पदरचा वाढतो, आणि मग खाणारा सगळ्याच ताटाविषयी साशंक होतो. तियारॉयच्या बाबतीत प्रतिवादी म्हणजे फ्रान्सचे सरकार. त्याच्यापाशी दप्तर आहे, वकील आहेत, वेळ आहे. अशा प्रतिवादीपुढे तुम्ही रात्रीचे रणगाडे उभे केलेत की तो शांतपणे म्हणणार, 'महाराज, हे रात्री घडलेच नाही', आणि खरे जे घडले तेही त्या वाक्याखाली दडून जाणार. आणखी एक सांगतो. तो पेई नावाचा मुका शिपाई बुखेनवाल्डच्या छळछावणीतून आलेला दाखविला आहे. असे आफ्रिकी कैदी होते, पण थोडे. या तुकडीतली बहुतेक माणसे फ्रान्समधल्याच कैदेतून आली होती. अपवादाला उचलून त्याला सगळ्यांचा प्रतिनिधी केला.

बाई : त्या पेईकडे तुम्ही नीट पाहिले नाहीत. तो जर्मन शिरस्त्राण घालून हिंडतो. आल्या दिवशी तो तियारॉयच्या कुंपणाची काटेरी तार हाताने चाचपून बघतो, कारण त्याला त्या तारेचा अर्थ कळतो. बाकीचे त्याला समजावतात की अरे, ही आपली भूमी, ही आफ्रिका, येथे भिण्याचे कारण नाही. शेवटच्या रात्री पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून रणगाडे येताना तोच बघतो, धावत जाऊन सगळ्यांना उठवितो, हातवारे करतो, घशातून आवाज काढतो. आणि वेडा म्हणून सगळे पुन्हा कूस बदलून झोपतात. सकाळ दाखविली असती तर हे कसे दाखविले असते? ज्यांनी युरोपात माणसांचा कारखाना पाहिला ते ओळखू शकत होते की तोच कारखाना इकडेही आहे. पण त्यांना सांगता येत नव्हते, आणि ज्यांना ऐकता येत होते त्यांचा आपल्या मालकाच्या शब्दावर विश्वास होता. जनरलचा शब्द आणि ती झोप, हा तियारॉयचा गाभा आहे. विश्वासघात नेहमी झोपेत होतो, दप्तरदार. घड्याळात तो कितीही वाजता झालेला असो.

दप्तरदार : हेच तर माझे दुखणे! तुम्हाला वाटते मी फ्रेंचांची बाजू घेतो. मी म्हणतो, रात्र दाखवून सेम्बेनने फ्रेंचांवर उपकार केले. रात्रीच्या अंधारात घबराट होते, गैरसमज होतात, कोणी तरी भलताच हुकूम देतो. रात्रीला सबबी असतात. सकाळला एकही सबब नाही. उजेड आहे, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो आहे, ज्याच्याबरोबर एकाच झेंड्याखाली लढलो तो आपला पगार मागतो आहे, आणि तरीही हुकूम सुटतो. खरे जे घडले ते सेम्बेनच्या कल्पनेपेक्षा भयंकर होते. त्याने ते सौम्य केले!

यावर बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मला स्वतःला विचाराल तर त्या दिवशीच्या सगळ्या वादातले हेच वाक्य मला सर्वांत वजनदार वाटले, आणि आजही वाटते; मात्र त्यातून जो निष्कर्ष दप्तरदारांना काढावयाचा होता, तो मला काढवत नाही. कारण अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्याच्या हाती कागद असावा लागतो, आणि बाईंनी नेमका तोच मुद्दा पकडला.

बाई : बरे, सकाळ खरी. पण १९८८ साली ही सकाळ सांगणारे कागद कोणापाशी होते? पेशव्यांचे दप्तर पुण्यात होते, वाड्यांतले रुमाल येथल्या माळ्यांवर होते. राजवाडे चालत जाऊन ते गोळा करू शकले. तियारॉयचे दप्तर फ्रान्सच्या लष्करी दप्तरखान्यात! किती जण जहाजातून आले, किती उतरले, किती मेले, याचे एक तर आकडे परस्परांशी जुळत नाहीत, आणि दुसरे म्हणजे मेलेल्यांना पुरले कोठे हेच कोणी सांगत नाही. त्या कागदांच्या प्रती फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांनी सेनेगलच्या हवाली केल्या, त्या २०१४ साली. म्हणजे घटनेनंतर सत्तर वर्षांनी आणि सेम्बेन वारल्यानंतर सात वर्षांनी. तोपर्यंत काय, त्याने हात जोडून थांबावयाचे होते? जो मुलूख आपल्या मेलेल्यांची यादी परक्याच्या कपाटातून मागून घेतो, त्याच्या बखरकाराला तुम्ही सकाळ-संध्याकाळचा जाब विचारता!

दप्तरदार : विचारतो. कारण ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्या साक्षीवरच सगळा खटला उभा असतो. अशा साक्षीदाराने एक शब्दही अधिक बोलू नये.

बाई : तर मग निदान ही गोष्ट त्याच्या पदरी टाका की, त्याने ती साक्ष स्वकीयांच्या पैशावर दिली. 'मंडाबी'ला फ्रेंच सरकारी निधीची मदत होती, आणि वोलोफबरोबर फ्रेंच आवृत्तीही काढावी लागली, म्हणून तेच प्रसंग त्याला दोनदोनदा चित्रित करावे लागले. 'तियारॉय'ला मात्र सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या तिघांनी पैसा पुरविला. फ्रान्सचा छदाम नाही. आणि फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षे लागलाच नाही.

दप्तरदार : आणि सेनेगलमध्ये तरी किती लोकांनी पाहिला? तुम्हीच मागे सांगितलेत की तेथल्या चित्रपटगृहांवर दोन फ्रेंच कंपन्यांचा मक्ता होता, आणि पडद्यावर अमेरिकन मारामारी, इजिप्तची गाणी आणि आमच्या मुंबईचे हिंदी चित्रपट, अशी भरती असे.

बाई : खरे आहे. डकारच्या जुन्या पिढीतल्या बायका हिंदी गाणी अर्थ न कळता म्हणतात. त्या गाण्यांतून वेळ काढून सेम्बेनकडे यावे, ही अपेक्षा थोडी जास्तच. म्हणून तो स्वतः चित्रपट घेऊन खेड्यांत जाई, पडदा बांधी, आणि खेळ संपला की लोकांशी बोलत बसे. रात्रशाळा म्हणजे रात्रशाळा.

पैशाचा हा विषय येथेच सुटला. खरे म्हणजे त्यावर दोघांचेही म्हणणे सारखेच होते, आणि एकमत झालेल्या विषयात या दोघांना गोडी नाही. दप्तरदारांनी आता नवी बाजू काढली.

दप्तरदार : परवा तुम्ही मोझांबिकचा तो चित्रपट दाखविलात, रुई गेराचा, मुएडाविषयीचा. त्याला मी नमस्कार करतो.

बाई : त्यात तर सारे सोंगच आहे! १६ जून १९६० ला मुएडात पोर्तुगीजांनी जमावावर गोळ्या झाडल्या, आणि स्वातंत्र्यानंतर तेथल्या लोकांनी तो प्रसंग दरवर्षी उघड्या मैदानात नाटकासारखा करून दाखविण्याचा प्रघात पाडला. गेराने १९७९ साली ते नाटकच चित्रित केले. त्यात पोर्तुगीज अधिकाऱ्याचे काम काळा गावकरी करतो, त्याच्या तोऱ्याची नक्कल करतो, आणि प्रेक्षक हसतात. गोळीबाराचा आकडा म्हणाल तर चळवळीच्या बाजूने सहाशे सांगितला जातो, आणि पोर्तुगीज दप्तरातला आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा तुमचा अस्सलपणा येथे कोठे गेला?

दप्तरदार : येथेच तर तो आहे. आमच्याकडे वतनाचा तंटा झाला म्हणजे गोत जमवीत, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार येऊन बसत, जुनी माणसे जे आठवते ते सांगत, आणि त्या सर्वांच्या साक्षीने महजर होई. महजरात चूक असेल, आकडा फुगलेला असेल; पण तो कोणी एका चतुर माणसाने घरी बसून रचलेला नसतो. कोण बोलतो आहे ते त्यात नावनिशीवार दिसते. मुएडाचा चित्रपट हा गावाचा महजर आहे. त्यात कोणी मला फसवीत नाही. समोर सांगतात की, आम्ही खेळून दाखवितो आहोत, आम्हाला असे आठवते. साफी फाय या बाईंचा तो १९७५ चा चित्रपटही मला तसाच वाटतो, ज्यात सेरेर गावातले शेतकरी झाडाखाली बसून भुईमुगाच्या सरकारी पिकाने आमचे कसे वाटोळे केले ते आपल्या तोंडाने सांगतात. सेम्बेन मात्र आपल्या पात्रांच्या पाठीमागे उभा राहून त्यांच्या तोंडी शब्द घालतो, आणि वर सांगतो की हाच इतिहास.

बाई : आणि त्या साफी फायच्या चित्रपटालाही सेनेगलच्या सरकारने बंदी घातली, हे सांगावयास विसरू नका. महजर असो की बखर, राज्यकर्त्याला दोन्हींचे वावडे. पण तुमचा भेद मला मान्य आहे. इतकेच म्हणते की महजराला गोत लागते. मुएडाचे गोत मुएडातच राहिले, म्हणून दरवर्षी मैदानात जमू शकले. तियारॉयची माणसे कोण होती? कोणी सेनेगलचा, कोणी आयव्हरी कोस्टचा, कोणी फ्रेंच सुदानचा, कोणी अपर व्होल्टाचा, कोणी दाहोमेचा. वाचले ते आपापल्या मुलखांत पांगले, मेले ते अज्ञात खड्ड्यांत गेले. त्यांच्या छावणीतली बोली तुम्ही ऐकलीत ना? तोडकीमोडकी फौजी फ्रेंच, जी कोणाच्याच आईची भाषा नव्हती. असे जे मोडलेले, विखुरलेले गोत, त्याचा महजर कोणी करावयाचा? तेथे बखरकारच लागतो. सेंघोर स्वतः जर्मनांचा युद्धकैदी होता, आणि तियारॉयवर त्याने त्याच डिसेंबरात कविता लिहिली. पुढे तोच वीस वर्षे राष्ट्राध्यक्ष होता, त्याने त्या शिपायांसाठी कोणते दप्तर उघडून घेतले? कवीने शोक केला, अध्यक्षाने मैत्री सांभाळली, आणि काम पडले या गोदीतल्या हमालावर.

दप्तरदार : हमालाविषयी मला आदरच आहे. पण पुढे फ्रान्सला जे काही कबूल करावे लागले, ते चित्रपटामुळे नव्हे. तेथल्या आणि सेनेगलच्या इतिहाससंशोधकांनी कागदांतल्या विसंगती एकेक करून चव्हाट्यावर मांडल्या, जहाजावर चढलेले आणि उतरलेले यांच्या आकड्यांत फरक का पडतो हे विचारीत राहिले, वारस कोर्टात गेले, म्हणून २०२४ साली सहा शिपायांना 'फ्रान्ससाठी वीरमरण' असा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या अध्यक्षांनी सेनेगलच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात 'कत्तल' हा शब्द वापरला. सहा माणसे, बाई! पस्तीसांतली म्हणा, सत्तरांतली म्हणा, की शेकड्यांतली म्हणा. ऐंशी वर्षांनी सहा. आणि ती सहा कागदाने दिली.

बाई : कागदाने दिली, हे खरे. पण तो कागद शोधावयास निघालेल्या माणसाच्या मनात तियारॉय हे नाव कोणी पेरले, ते तुमच्या आवक-जावक नोंदवहीत सापडावयाचे नाही.

दप्तरदार : नाही सापडणार. म्हणून मी ते गृहीतही धरीत नाही. २०२५ साली तियारॉयच्या लष्करी दफनभूमीत सेनेगलने उत्खनन सुरू केले आहे. त्याचा अहवाल पूर्ण हाती येऊ द्या. हाडे कोणत्या अंतरावरून लागलेल्या गोळ्यांनी मोडली, बेड्या होत्या की नव्हत्या, अंगावर आखूड विजार होती की अमेरिकन गणवेश, हे जमीन सांगेल. मग कोणी तरी तरुणाने हा चित्रपट पुन्हा काढावा. त्यात हजेरीपट असावा, रकमेचा हिशेब असावा, आणि वेळ सकाळची असावी.

बाई : आणि पेई?

दप्तरदार : पेई राहू द्या. तो मनोऱ्यावर सकाळीही उभा राहू शकतो.